संथा

अरबी व्याकरणाचा जो पहिला मोठा ग्रंथ काळाच्या तडाख्यातून वाचून आपल्यापर्यंत आला आहे, त्याचा कर्ता अरब नव्हता. सीबवैह हा इराणी, शिराझच्या मुलखातला. विद्येच्या ओढीने तो बसरा शहरी येऊन राहिला आणि आठव्या शतकाच्या अखेरीस वारला. त्याचे गुरू खलील इब्न अहमद यांनी आपल्या कोशात अरबी वर्ण कंठापासून ओठांपर्यंत, म्हणजे श्वास ज्या वाटेने बाहेर पडतो त्या वाटेच्या क्रमाने मांडले. आणि शिष्याने त्यांतील प्रत्येकाचे स्थान व प्रयत्न इतक्या बारकाईने नोंदवून ठेवला की कुराणपठणाचे शास्त्र शिकवणाऱ्याला आजही त्या नोंदींपाशी यावेच लागते. ज्याला एखादा ध्वनी आईच्या दुधाबरोबर मिळाला, त्याला तो उच्चारताना जीभ नेमकी कोठे टेकते हे पाहण्याचे कारण पडत नाही; जो बाहेरून येतो आणि ज्याला तो ध्वनी मुद्दाम कमवावा लागतो, तोच तेथे थांबून पाहतो.

परंपरेचेही सांगणे असेच आहे. अरबस्तानाबाहेरचे लोक नव्या धर्मात येऊ लागले, त्यांच्या वाचनात एका स्वराच्या फरकाने अर्थाचा अनर्थ होऊ लागला, तेव्हा अबुल अस्वद अद्-दुअली यांनी कुराणाच्या प्रतींत स्वर दाखवण्यासाठी रंगीत ठिपके घालण्याची पद्धत सुरू केली, असे म्हणतात. पुढे इब्न मुजाहिद यांनी दहाव्या शतकात ज्या सात पाठकांचे पाठ प्रमाण म्हणून निवडले, त्यांतील दोघेच शुद्ध अरब कुळातले होते. उरलेले पाच अरबेतर वंशाचे. ज्या कूफा शहरच्या आसिम यांचा पाठ, त्यांचे शिष्य हफ्स यांच्या मुखातून, आज आपल्या कोकणातल्या मशिदींत आणि जगातील बहुतेक मुसलमान देशांत म्हटला जातो, तेही त्या पाचांपैकीच. ही हकीकत मला प्रथम कळली तेव्हा मला जो धीर आला, तो कोणत्याही उपदेशाने आला नसता. कारण मी त्या वेळी नुकताच इस्लाम स्वीकारला होता आणि प्रौढ वयात, शाळेत संस्कृत व मराठी शिकवणारा मनुष्य असूनही, मुळाक्षरांच्या कायद्यापुढे बसलो होतो.

माझे बालपण समुद्रकाठच्या एका तालुक्याच्या गावी गेले. वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. त्यामुळे अर्ज, जामीन, जप्ती, कैफियत, मुदत हे शब्द आमच्या घरात भाजीभाकरीइतके नित्याचे होते. आजोबा मात्र त्या जगापासून अलिप्त. पहाटे स्नान करून ते मला पुढ्यात बसवीत आणि रुद्राची संथा देत: ते एक चरण म्हणत, मी तो म्हणे, स्वर खाली पडला की त्यांचा तळहात खाली येई, वर गेला की वर उठे, आणि माझा उच्चार त्यांच्या उच्चाराशी तंतोतंत जुळेपर्यंत पुढचा चरण मिळत नसे. अर्थ विचारला तर ते रागावत नसत, पण त्यांच्या मते त्याची वेळ अजून आलेली नसे. वर्णांची स्थाने त्यांनी मला माझ्याच तोंडात दाखवून दिली होती: कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून केलेल्या यज्ञात एका समासाचा स्वर चुकला आणि इंद्राला मारणाऱ्याऐवजी इंद्राच्या हातून मरणारा वृत्र जन्मला, ही कथा ते इतक्या गांभीर्याने सांगत की शब्दाचा उच्चार ही एक जबाबदारी आहे, ही भावना माझ्या मनात कायमची रुजली.

मी मुसलमान कसा झालो हा या लेखाचा विषय नव्हे. तो प्रवास दीर्घ होता आणि बराचसा एकांतातला होता. एवढेच सांगतो की त्याच्या आरंभी विनोबांचे ‘कुराण-सार’ माझ्या हाती आले होते, आणि एका मराठी ब्राह्मणाने कुराण समजून घेण्यासाठी मुळातून अरबी शिकण्याचे कष्ट घेतले या गोष्टीचा माझ्यावर झालेला परिणाम त्या पुस्तकातील निवडलेल्या वचनांइतकाच खोल होता. शहादा उच्चारल्यानंतर माझ्यापुढे जो पहिला व्यावहारिक प्रश्न उभा राहिला, तो श्रद्धेचा नव्हता; तो जिभेचा होता. दिवसाच्या पाच नमाजांत मिळून सतरा अनिवार्य रकाती असतात आणि त्या प्रत्येकीत सूरह फातिहा म्हणावी लागते. मग जी सात वचने रोज निदान सतरा वेळा परमेश्वरापुढे म्हणायची, ती अजागळपणे म्हणणे मला कसे रुचावे?

गावच्या मशिदीतले हाफिजसाहेब वयाने माझ्यापेक्षा कितीतरी लहान. सारा गाव मला मास्तर म्हणे, तसेच तेही म्हणत. पहिल्याच दिवशी मी वही-लेखणी काढली, तेव्हा ती त्यांनी अत्यंत आदराने मिटून बाजूला ठेवली आणि म्हणाले, “मास्तर, कान आधी, मग जीभ, आणि हात सगळ्यांच्या शेवटी.” त्यांनी वर्ण म्हणावा, मी त्यांच्या ओठांकडे व जबड्याकडे पाहावे, मग तो म्हणावा, त्यांची मान हलली नाही तर पुन्हा म्हणावा. धडा झाला की त्याला सबक म्हणायचे, आणि आदला सबक म्हणून दाखवल्याशिवाय नवा मिळायचा नाही. हा शिरस्ता मला अपरिचित नव्हता.

प्रत्येक वर्णाच्या उगमस्थानाला मखरज म्हणतात, आणि बहुतेक आचार्यांनी अशी सतरा स्थाने मानली आहेत. आमचे वैयाकरण ज्याला एकच कंठ म्हणतात, त्याचे अरबी शास्त्रात तीन मजले होतात: तळाशी हमजा आणि छोटी हे, मध्यावर ऐन आणि बडी हे, वरच्या तोंडाशी गैन आणि खे. मराठी जिभेला तळमजला ठाऊक आहे आणि वरचाही थोड्या अभ्यासाने साधतो. मधला मात्र तिने आयुष्यात कधी पाहिलेला नसतो. बडी हे म्हणताना ना आवाज हवा, ना खाकरणे हवे. मध्य कंठ किंचित आवळून त्यातून निखळ श्वास जाऊ द्यायचा. ऐनला तर देवनागरीत चिन्हच नाही; ‘अ’च्या खाली टिंब देऊन जे छापतात ते वाचून कोणालाही ऐन म्हणता आलेला मी पाहिला नाही. बडा काफ जिभेच्या मुळाशी, छोटा त्याच्या जरा पुढे. स्वाद, तोय, जोय यांत जिभेचे टोक आपल्या ओळखीच्या जागी असते, पण तिची मागची बाजू टाळूकडे उचलावी लागते आणि त्यामुळे सगळा नाद भरदार होतो.

या सर्वांत कठीण तो ज्वाद. जिभेची कड वरच्या दाढांना लावून, नाद दाबून धरून तो काढायचा असतो. अरबी लोक आपल्या भाषेला अभिमानाने ज्वादची भाषा म्हणतात, आणि हिंदुस्थानात तो जोयच्या जवळ न्यावा की भरदार ‘द’कडे, यावरून विद्वानांत मोठे वाद झालेले आहेत. फातिहाच्या शेवटच्या वचनात तो दोनदा येतो, त्यामुळे त्याला टाळून जाता येत नाही. हाफिजसाहेबांनी तो मला पहिल्यांदा लिहून दाखवला तेव्हा वडिलांच्या दप्तरातले शब्द एकामागून एक माझ्यापुढे उभे राहिले. अर्ज, जामीन, जप्ती, जिल्हा, हजर, रजा, मर्जी, गरज या साऱ्यांत मुळात हाच वर्ण होता. फारसीच्या मुखातून येताना त्याची दाढांवरची पकड सुटली आणि मराठीत तो कोठे तालव्य, कोठे दंततालव्य ‘ज’ होऊन नांदू लागला. मराठीने त्याचे जे केले ते मराठीच्या प्रकृतीला धरूनच केले आणि त्यात सुधारण्यासारखे काही नाही. परंतु नमाजात उभे राहताना तो वर्ण त्याच्या मूळ स्थानी नेऊन ठेवण्याची जोखीम माझी होती, आणि ती पार पाडण्यात मला एक विलक्षण आनंद वाटू लागला.

स्थानांनंतर येतात संधींचे नियम, आणि येथे माझ्या पूर्वायुष्याने मला हात दिला. स्वरहीन नूननंतर कोणता वर्ण येतो त्यावरून त्या नूनची गती ठरते. पुढे ‘ब’ आला की नूनचा ‘म’ होतो. ‘अंबा’ म्हणताना प्रत्येक मराठी मूल तेच करते. पुढे ‘य’ किंवा ‘व’ आला की नून त्यात विरघळतो आणि अनुनासिक नाद दोन मात्रा रेंगाळतो, ज्याला गुन्ना म्हणतात. जुन्या वळणाचा मराठी वक्ता ‘संयम’ आणि ‘संवाद’ म्हणताना नाकात जे करतो, ते याहून फारसे निराळे नाही. ‘ल’ आणि ‘र’ पुढे आले तर नून नादाचा मागमूसही न ठेवता लोपतो. येथे मात्र संस्कृतचा अभ्यासक अडखळतो, कारण त्याच्या संधीत ‘ल’पूर्वीचा ‘न’ आपली अनुनासिकता टिकवून ठेवतो. पंधरा वर्ण असे आहेत की त्यांच्यापुढे नून अर्धवट लपतो. आणि सहा कंठ्य वर्णांपुढे तो मुळीच बदलत नाही, स्वच्छ आणि सुटा उभा राहतो. फातिहातल्या ‘अन्अम्त’ या शब्दात नूनपुढे ऐन आहे, म्हणून तेथे नून निखळ हवा. मराठी माणसाची जीभ मात्र सवयीने त्याचा अनुस्वार करायला धावते. परसवर्णाचा नियम मी वर्षानुवर्षे मुलांना फळ्यावर शिकवला होता. तोच नियम, थोड्या निराळ्या कायद्याने, एका निराळ्या ग्रंथात राबताना पाहून माझी खात्री पटली की आजोबांनी माझ्या तोंडाची जी मशागत केली ती नव्या श्रद्धेच्या दारात उतरवून ठेवण्याचे काहीएक कारण नाही. धर्म बदलणाऱ्याला आपला सारा भूतकाळ परका करावा लागतो असे जे सरसकट बोलले जाते, ते निदान जिभेच्या बाबतीत मला साफ अमान्य आहे.

या शास्त्रात दोषांचेही दोन वर्ग केलेले आहेत. वर्ण किंवा स्वर बदलला तर तो उघड दोष, जो कोणाही जाणत्याला ऐकू येतो. गुन्ना अपुरा राहिला, मद्द, म्हणजे दीर्घ स्वराची लांबी, दोनाऐवजी दीड मात्रांची झाली, तर तो गुप्त दोष, जो केवळ तज्ज्ञाच्या कानाला कळतो. सामान्य मुसलमानाने पहिल्यापासून अवश्य वाचावे आणि दुसऱ्यासाठी जन्मभर झटावे, अशी साधारण व्यवस्था आहे. हजरत आयेशा यांच्याकडून आलेल्या एका हदीसचा आशय असा की जो कुराणात निष्णात आहे तो थोर फरिश्त्यांच्या पंक्तीला, आणि जो अडखळत, कष्टाने वाचतो त्याला दुहेरी पुण्य. हे वचन नव्याने आलेल्या माणसाला सर्वजण सांगतात, आणि बहुधा त्याला सूट मिळाली अशा स्वरात सांगतात. मला त्यात सूट दिसत नाही. कष्टाचे पुण्य कष्ट करीत राहणाऱ्याला आहे. अडखळणे कायम ठेवण्याचा तो परवाना नव्हे.

रात्री मी घरी सबक घोकीत असे. मद्दच्या मात्रा मोजताना हाताची बोटे एकेक करून मिटायची असतात. फातिहाच्या अखेरच्या शब्दातला दीर्घ स्वर सहा मात्रांचा आहे, तेथे श्वास पुरवून ठेवावा लागतो. आई तेव्हा हयात होती. माझा निर्णय तिला पटला नव्हता आणि आमच्यात त्याविषयी फार बोलणे होत नसे. एका रात्री तिने माजघरातून विचारले, “अरे, संथा कोण देतो तुला?” मी हाफिजसाहेबांचे नाव सांगितले. “बरा घेतो आहे म्हणून,” ती म्हणाली, “तुझ्या आजोबांना असाच कच्चा स्वर खपत नसे.” पुढे ती असेपर्यंत माझ्या घोकण्याच्या वेळी तिने घरात मोठ्याने कोणाला बोलू दिले नाही.

ध्वनिफितींचा मला फार उपयोग झाला, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. इजिप्तचे शेख महमूद खलील अल-हुसरी यांनी 1961 साली नभोवाणीसाठी संपूर्ण कुराण संथ, एकसारख्या गतीने म्हणून मुद्रित केले. त्यात कंठाचे लाघव दाखवण्याचा यत्किंचितही मोह नाही, आणि शिकाऊ माणसाला एकेका वर्णाची जागा त्यातून हाती लागते. अब्दुल बासित यांचा लांब श्वास ऐकून मन भारून जाते, पण शिकायचे ते हुसरींपाशी, असे माझे स्पष्ट मत आहे. तथापि फीत ऐकवते, ऐकत नाही. माझ्या तोंडातला तोय ‘त’कडे घसरला तर ती मला थांबवणार नाही, आणि म्हणूनच हे शास्त्र प्रारंभापासून तोंडासमोर तोंड ठेवून, ज्याने आपल्या गुरूकडून ऐकले त्याच्याकडून ऐकून, पुढे दिले गेले आहे.

देवनागरी लिपीत छापलेल्या कुराणाच्या पोथ्यांविषयी येथे थोडे लिहिणे प्राप्त आहे. नव्याने आलेल्या मराठी माणसाच्या हाती बहुधा पहिली तीच पडते, आणि घाईच्या वेळी तिचा आधार होतो हे मी नाकारीत नाही. पण तिच्यात जे, जाल, ज्वाद आणि जोय हे चार वर्ण एकाच ‘ज’च्या घरात कोंबले जातात, सीन, से आणि स्वाद एकाच ‘स’च्या, आणि वाचणाऱ्याला आपण काही गमावतो आहोत याचा पत्ताही लागत नाही. त्यापेक्षा मराठी माणसाला त्याच्याच भाषेतून अरबी वर्णांच्या स्थानांपर्यंत नेणारा छोटा कायदा हवा: ‘अंबा’ आणि ‘संवाद’ यांच्या आधारे नूनचे नियम, ‘हजर’ व ‘नजर’ यांच्या आधारे ज्वाद आणि जोय यांतला भेद, आणि जेथे मराठीत आधारच नाही तेथे तसे स्वच्छ सांगून गुरूकडे धाडणे. अशी टिपणे मी काढू लागलो आहे. गेल्या रमजानपासून बंदरावर मासळीचा हिशेब ठेवणारा एक तरुण, माझ्यासारखाच बाहेरून आलेला, हाफिजसाहेबांकडे येतो, आणि त्यांनी त्याच्या सबकाची आमच्यात वाटणी करून दिली आहे: नूनचे नियम मी घेतो, कंठ्य वर्ण आणि ज्वाद ते स्वतः ऐकतात.