कणगीतलं पाकीट

बायांनो, ही गोष्ट चारचौघींत बोलायची नाही, असंच आपल्याला शिकवलेलं असतं. म्हणूनच आज बोलते.

माझं माहेर साताऱ्याकडचं, सासर सांगली जिल्ह्यातलं. 1990 मध्ये लग्न झालं. मुलगी 6 महिन्यांची झाली तेव्हा नर्सबाईंनी ‘माला-एन’चं पाकीट हातात ठेवलं. 28 गोळ्या, 21 पाळणा लांबवायच्या, 7 लोहाच्या. रोज एक. सासूबाईंना दिसू नये म्हणून मी ते ज्वारीच्या कणगीत लपवलं. हळद काढणीच्या दिवसांत रात्री अंग टाकलं, की गोळी विसरायची. मुलगी पावणेदोन वर्षांची होण्याआधीच पाठचं बाळ आलं. अंगात रक्त नव्हतं, उठले की डोळ्यांपुढं अंधारी यायची. चूक गोळीची नव्हती, लपवण्याची होती.

पुढं 2007 मध्ये सातारा जिल्हा परिषदेनं योजना काढली. लग्नानंतर 2 वर्षं पाळणा लांबवणाऱ्या जोडप्याला 5,000 रुपये, 3 वर्षं थांबलं तर 7,500. नाव ‘सेकंड हनिमून पॅकेज’! माहेरच्या बाया पदराआड हसल्या. पण थांबण्याचं कौतुक होताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

यंदा सून बाळंत झाली. अमेरिकेतल्या भाचीनं फोनवर दंडावरची पट्टी दाखवली. 2001 मध्ये तिकडं तिला मान्यता मिळाली. आठवड्याला एक, अशा 3 आठवडे चिकटवायच्या, चौथा मोकळा. औषध कातडीतून रक्तात उतरतं आणि बीज तयार होणं थांबतं. रोजची आठवण नको! सुनेचे डोळे चमकले. पण गोळीसारखीच ही पट्टीही अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले 6 महिने सहसा देत नाहीत.

मग मीच तिला आरोग्य केंद्रात नेलं. तिथं ‘अंतरा’ इंजेक्शन फुकट मिळतं. 3 महिन्यांनी एक. बाळंतपणानंतर 6 आठवड्यांनी पाजणाऱ्या आईलाही चालतं. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला आणि बजावलं, “पाळी मागंपुढं होईल, बंदही होईल, घाबरू नका. आणि बंद केल्यावर पुन्हा दिवस राहायला 7 ते 10 महिने लागू शकतात.”

आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर गाईच्या लसीची तारीख असते, दुधाचा हिशोब असतो. आता तिथंच सुनेच्या पुढच्या इंजेक्शनची तारीखही आहे. माझ्या मुलानं स्वतःच्या हातानं लिहिली आहे.

तुमच्या घरात अजून कणगीत काही लपलेलं असेल, तर तेवढं बाहेर काढा.