पिकण्याआधीचा आवाज

नाझिया हसनच्या आवाजात काय होतं, हे गाण्यातल्या जाणकारांना विचारू नये. आवाज नाकात आहे, फिरत नाही, रियाजाचा पत्ता नाही, असं ते सांगतील. सगळं खरं. पण कैरी खाताना हापूसची गोडी कोण शोधतं?

१९८० साली ‘कुर्बानी’ आला तेव्हा ती १५ वर्षांची होती. कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये शिकणारी. चित्रपटाचा दिग्दर्शक फिरोज खानने तिला तिथेच हेरलं आणि बंगळूरहून विलायतेत जाऊन नाव कमावलेल्या बिद्दूच्या हाती सोपवलं. चित्रपटाची बाकी गाणी कल्याणजी-आनंदजींची, ‘आप जैसा कोई’ तेवढं बिद्दूचं. पडद्यावर झीनत अमान आणि आवाज शाळकरी पोरीचा! शब्द मोहात पाडू बघतात. गाणारीला मात्र त्याचं सोयरसुतक नाही. ना मुरकी, ना लाडिक उसासा. ठेक्यावर आपली सरळ चालत राहते. आमच्याकडे वरातीत क्लॅरिनेटवाला हीच चाल वाजवताना हौसेने चार हरकती घालायचा, आणि गाणं एकदम प्रौढ होऊन जायचं. लता-आशाच्या राज्यात या मुलीला १९८१ सालचं फिल्मफेअर मिळालं, ते या सरळपणाला मिळालं असं मी मानतो.

मग धाकटा भाऊ झोहेब जोडीला आला. ‘डिस्को दीवाने’ १९८१ मध्ये, ‘यंग तरंग’ १९८४ मध्ये. पाठीशी सिनेमा नसतानाही कॅसेट खपते, हे तेव्हा कळलं. पुढे अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ गाजलं, त्यामागेही बिद्दूच होता.

मला खरं अप्रूप वाटतं ते तिच्या थांबण्याचं. तिने कायद्याचं शिक्षण घेतलं, संयुक्त राष्ट्रसंघात काम केलं. १९९२ च्या ‘कॅमेरा कॅमेरा’नंतर नवा अल्बम काढला नाही. टाळ्यांची चटक लागलेल्या माणसांना हे जमत नाही. १३ ऑगस्ट २००० रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने ती लंडनमध्ये गेली, तेव्हा अवघी ३५ वर्षांची होती.

२०१२ मध्ये ‘स्टुडंट ऑफ द इयर’साठी ‘डिस्को दीवाने’ नव्याने सजवलं, तेव्हा नव्या गायकांच्या जोडीला नाझियाचा मूळ आवाजही ठेवला. शहाणपणाच केला. तयार गळ्यांची आपल्याकडे वाण नाही; असा कोवळा, बेफिकीर गळा काही घडवून घेता आला नसता.