उत्तर फिरत नाही

संत नामदेव महाराजांचे नरसी गाव आपल्याच हिंगोली जिल्ह्यात आहे. ते औंढ्याला देवळापुढे कीर्तन करत होते. तेव्हा त्यांना मागच्या बाजूला जायला सांगितले. ते मागे गेले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरले. म्हणून तिथे नंदी देवळाच्या मागे आहे, असे आजी सांगते. पुढचे मागे झाले, पण उत्तर दिशा जिथल्या तिथेच राहिली.

डाव्या-उजव्याचेही तसेच आहे. मागच्या पावसाळ्यात आमची गाय आखाड्यावर अडली. काकांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोनवर सांगितले, "वडापासून डाव्या हाताला या." डॉक्टर पलीकडच्या गावाहून आले. त्यांचा डावा हात दुसऱ्याच बाजूला होता. चिखलात तासभर गेला. गाय वाचली, पण वासरू गेले. आई दोन दिवस धड जेवली नाही.

नंतर गुरुजींनी वर्गात दिशा शिकवल्या. सुईवर चुंबक एकाच बाजूने पुष्कळदा घासला. सुई पानावर ठेवून पितळेच्या ताटलीत पाण्यावर सोडली. ती हळूहळू फिरली आन् दक्षिणोत्तर थांबली. सकाळी सूर्याकडे तोंड केले की डावा हात उत्तरेला येतो. त्यावरून उत्तरेचे टोक ओळखले. जवळ विळा ठेवू नये, लोखंडाने सुई फसते.

मग वहीत घड्याळ काढले. १२ चा आकडा उत्तरेला धरला. पुढचा प्रत्येक आकडा ३० अंशांनी वाढतो. ३ म्हणजे ०९० पूर्व, ६ म्हणजे १८० दक्षिण, ९ म्हणजे २७० पश्चिम. पूर्ण फेरी ३६० अंशांची. जहाजावर आणि विमानातही दिशा अशीच तीन आकड्यांत सांगतात.

हिंगोलीहून वाशीम उत्तरेला, कळमनुरी पूर्वेला, वसमत दक्षिणेला आणि सेनगाव पश्चिमेला आहे. औंढा नैर्ऋत्येला, साधारण २१० वर येते.

आम्ही वडाखाली जाऊन मोजले. आमचा आखाडा ०६० वर आहे. परत यायचे तर १८० मिळवायचे, म्हणजे २४०. डॉक्टर कुठूनही आले तरी वडापासून ०६० ते ०६० च. आता मोबाईलमध्येसुद्धा होकायंत्र असते.

मित्रांनो, आपापल्या आखाड्याची दिशा मोजून ठेवा. पालकांनीही मोजावी. सुई आन् ताटली वर्गाच्या खिडकीत ठेवली आहे.

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी