माहेरची वंशावळ

लहानपणी कोल्हापूरकडच्या आमच्या गावी काही वर्षांनी एकदा हेळवी यायचा. बैलावरून उतरून ओट्यापाशी उभा राहायचा आणि खापरपणजोबांपासूनची नावं धडाधड म्हणायचा. आजोबा मान डोलवायचे. त्या नावांत आजीचं नाव ऐकल्याचं मला आठवत नाही.

आज मीही माणसांची कुळं मांडतो, जनुकीय आजारांच्या बाह्यरुग्ण विभागात. हेळवी ज्यांना गाळायचा, त्या बायकांपाशीच माझं निम्मं काम असतं.

कागद आडवा धरायचा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. आजारी असेल त्याची खूण काळी भरायची, गेलेल्यावर तिरकी रेघ, पोटातच गेलेल्या बाळाला छोटा त्रिकोण. रक्ताच्या नात्यात लग्न झालं असेल तर जोडप्यामध्ये दुहेरी रेघ. खुणा तासाभरात येतात. विचारायला शिकण्यात मात्र माझी दहा वर्षं गेली. ‘नात्यात लग्न झालंय का?’ म्हटलं की हमखास ‘नाही’ येतं. ‘मंडळी कुठल्या गावची?’ म्हटलं की हसून सांगतात, ‘मामाचीच पोरगी, घरातलीच की!’ मामाचं घर लोक नात्यात धरतच नाहीत.

माझी एक चूक सांगतो. पाच वर्षांचा मुलगा, बोलणं दोन-चार शब्दांचं, नजर मिळवत नव्हता. सोबत आई, बाबा आणि आजी. उत्तरं आजीच देत होत्या. “डॉक्टर, आमच्या घराण्यात सात पिढ्यांत असलं काही नाही.” बापाकडची वेल मी चुलत पणजोबांपर्यंत नेली. आईच्या बाजूला तीन वर्तुळं, एक चौकोन आणि ‘विशेष काही नाही’. मग एक्झोम तपासणी पाठवली. वीसेक हजार जनुकांचा प्रथिनं घडवणारा भाग त्यात एका दमात वाचला जातो. अहवालात काही निघालं नाही. ‘जनुकीय कारण सापडत नाही,’ असं मी म्हणालो. त्यांनी ऐकलं, ‘जनुकीय नाही.’ दोन्हींत केवढं अंतर आहे, हे समजावायला मी त्या दिवशी थांबलो नाही. बाहेर रांग होती.

दीड वर्षानं मुलाची आई एकटी आली. दुसऱ्या मुलाचा विचार चालला होता. मी जुना कागद काढला आणि सहज विचारलं, “वडील काय करतात?”

“शिंपी होते. हात कापायला लागले, म्हणून मशीन सोडली.”

“आणि बहीण?”

ती घुटमळली. “तिची पाळी चौतिसाव्या वर्षीच गेली. घरात कुणाला सांगितलेलं नाही.”

आजोबांचा कंप, मावशीची लवकर गेलेली पाळी, नातवाचं अडलेलं बोलणं. तीन तक्रारी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या दारात गेल्या असत्या. एका कागदावर आल्या आणि मला लाज वाटली. फ्रॅजाइल एक्स. एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकाच्या तोंडाशी सीजीजी ही तीन अक्षरं बहुतेकांत तीसेक वेळा येतात. ५५ ते २०० वेळा आली तर माणूस धडधाकट दिसतो, पण उतारवयात कंप सुटू शकतो, बाईची पाळी अकाली जाऊ शकते. आईकडून मुलाकडे जाताना हा आकडा वाढू शकतो आणि २०० ओलांडला की ते जनुक सहसा बंदच पडतं. हे जनुक १९९१ पासून माहीत आहे. एक्झोममध्ये अशी लांबलचक पुनरुक्ती मोजता येत नाही, तिला वेगळी तपासणी लागते. ती कोणाची करायची, हे कागदच सांगतो.

तपासणीत तेच निघालं. बाप आपलं एक्स प्रत्येक मुलीला देतो, म्हणजे दोन्ही बहिणींना हा वारसा शिंपीकाकांकडून आलेला. पुढच्या गर्भात तो उतरण्याची शक्यता निम्मी, अकराव्या आठवड्यानंतर वारेचा तुकडा तपासून ते कळतं, हे सगळं मी सांगत होतो. तिनं मध्येच विचारलं, “म्हणजे सासूबाई म्हणत होत्या ते खरंच?”

वारसा आणि दोष हे दोन शब्द मी दिवसातून दहादा वेगळे करतो. त्या दिवशी ते मला नीट जमलं नाही.

“बाबांना कळू देऊ नका,” ती म्हणाली. मी कबूल झालो. पण मावशीच्या दोन मुली लग्नाच्या वयाच्या आहेत, त्यांना कळायला हवं. त्यांना परस्पर फोन करणं माझ्या धर्मात बसत नाही. पेशंटची गोष्ट पेशंटचीच. बहिणीला द्यायला मी साध्या मराठीत चिठ्ठी लिहून दिली. आजाराचं नाव, तपासणीचं नाव, माझा नंबर. सोयरीक मोडेल म्हणून घरं गप्प बसतात, हे मला माहीत आहे, आणि त्यांच्यावर रागावताही येत नाही.

चिठ्ठी देऊन आठ महिने झाले. कागदावर त्या दोन मुलींची वर्तुळं अजून कोरी आहेत.