दिवा बारा सांगतो

संपादकानं कविता मागितली होती. कविता न्हाई. ह्या खेपेला इंजेक्टर आहे. ज्याला कविताच पायजे त्यानं पान उलटावं, राग न्हाई.

मित्रांनो, इंजेक्टर म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या जणांना दवाखाना आठवतो. हा तो न्हवं. हा गाडीतला. विजेवर उघडझाप करणारी एक बोटाएवढी तोटी. आत तारेचं वेटोळं असतं. बारा व्होल्ट आले की आतली सुई वर उचलली जाते आणि बारीक भोकांतनं पेट्रोल धुक्यासारखं उडतं. वीज तुटली की स्प्रिंग सुईला खाली दाबते. एका खेपेला तोंड उघडं राहतं ते सेकंदाच्या काही हजारांश भागापुरतं. मागं पंपाचा साधारण तीन बार दाब. जुना कार्ब्युरेटर हवेच्या ओढीवर पेट्रोल सोडायचा, अंदाजपंचे. इंजेक्टरचं तसं न्हाई. त्याला हिशेब आहे. एक भाग पेट्रोलला वजनानं साधारण १४.७ भाग हवा, हा तो हिशेब.

हिशेब मांडतो कॉम्प्युटर. पण ह्या कॉम्प्युटरला डोळे न्हाईत, कान न्हाईत. त्याला पत्र्याच्या डब्यात बंद करून ठेवलंय. बाहेर काय चाललंय ते त्याला सांगणारे वेगळे. एक सांगतो हवेचा दाब किती, एक सांगतो ॲक्सिलरेटर किती दाबला, एक सांगतो इंजिनचं पाणी गार की गरम, आणि एक सायलेन्सरच्या वाटेवर बसून सांगतो की जळून बाहेर आलेल्या धुरात ऑक्सिजन उरला का न्हाई. हे सेन्सर. ते जे सांगतील ते कॉम्प्युटरला खरं. साहेबांचं असतं तसंच.

आमच्या वस्तीतल्या मंडळाची एक ओम्नी आहे, २००७ सालची. मारुतीनं ही गाडी १९८४ साली काढली आणि २०१९ साली बंद केली. कंपनीकडं बंद झाली, आमच्याकडं चालू आहे. वर्गणी काढून चाळीस हजाराला घेतली. रात्री कुणाचं पोट दुखलं, कुणाला कळा आल्या, तर रिक्षावाला वस्तीत यायला कुरकुरतो. म्हणून गाडी. आठवड्यातनं दोनदा माझ्या आत्याला डायलिसिससाठी मिरजेला न्यायचं, तेही हिच्यातच. इचलकरंजीहून मिरज काही लांब न्हाई, पण किडनी बंद पडलेल्या बाईला एसटीत उभं राहून जा म्हणणार काय?

पावसाळ्याच्या आधी गाडी काळा धूर सोडाय लागली. पेट्रोलचा वास. ॲव्हरेज निम्म्यावर. आणि सगळ्यात वाईट म्हंजे गरम असताना बंद केली की पुन्हा चालूच हुईना. एकदा परतीच्या वाटेवर अर्धा तास आत्या गाडीत बसून. तिची हाताची सुईची जागा दुखत होती, बोलत काय न्हवती.

गाडी गॅरेजात नेली. नाव सांगत न्हाई, अशी गॅरेजं गल्लीगल्लीत आहेत. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. मेस्त्रीनं सीट उचलली, वास घेतला, सायलेन्सरात बोट घातलं, काजळी बघितली. म्हणला, "तिन्ही इंजेक्टर गेले. ऑक्सिजन सेन्सर गेला. मॅप सेन्सर पण टाकून घ्या, थ्रॉटलचा पण. एकवीस हजार."

"मीटर लावून बघितलं का?" मी विचारलं.

"मीटर कशाला? पंचवीस वर्षं हेच करतोय की."

चाळीस हजाराची गाडी, एकवीस हजाराचा अंदाज. अंदाज हा शब्द बघा. सेन्सरवाल्या गाडीला अंदाजानं दुरुस्त करायचं. नवा पार्ट टाकायचा, न्हाई बरं झालं तर दुसरा टाकायचा. पैशे कुणाचे? आपलेच.

आमच्या मंडळात आयटीआय केलेला एक पोरगा आहे. ट्रेड मोटर मेकॅनिक. दोन वर्षं त्यानं पुस्तक पाठ केलं, परीक्षा दिली, सर्टिफिकेट भिंतीवर लावलं. मग एका गॅरेजात लागला. पहिल्या दिवशी मालकानं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग गाव आणि गावातली गल्ली विचारली. दुसऱ्या दिवशी हातात पाण्याची नळी. दोन वर्षं गाड्या धुतल्या, टायर काढले. इंजिनला हात न्हाई. हां, एक काम त्याचंच होतं. टाकीतनं नळीनं पेट्रोल ओढायचं झालं की त्यालाच हाक. तोंडानं ओढायचं. थुंकायचं, चूळ भरायची, पुन्हा नळी घ्यायची.

हे ऐकलं आणि मला माझा आजा आठवला. आजा मुंबईत गिरणीत होता, रिंगखात्यात. त्याचा बापही रिंगखात्यातच. विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथं धोट्यातनं धागा तोंडानं ओढून घ्यायला लागायचा, म्हणून आपल्या माणसाला तिथं मज्जाव. आपलं तोंड लागलेला धोटा दुसऱ्यानं तोंडाला कसा लावायचा? १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. आजा १९८२ च्या संपानंतर गावाकडं आला तो रिंगखात्याचाच कामगार म्हणून आला. धाग्याला आमचं तोंड चालत न्हवतं. पेट्रोलला चालतं. पेट्रोल विटाळत न्हाई वाटतं.

तर त्या पोराला मी म्हणलं, "तू आणि मी बघू या की."

तो म्हणला, "दादा, तुम्हाला गाडीतलं काय कळतंय?"

खरं तर कळत होतं. मी सूतगिरणीत आहे. ड्रॉ फ्रेमवर कापसाचा पेळू जातो. तिथं ऑटोलेव्हलर असतो. दोन रोलर पेळू चाचपतात. जाड आला की मशीन तो जास्त ताणतं, पातळ आला की कमी. बाहेर पडताना सगळा सारखा. आता त्या चाचपणाऱ्या रोलरवर कचरा बसला, तर काय हुईल? पेळू चांगला असून रोलर सांगणार, जाड आहे. मशीन तो ताणून ताणून बिघडवणार. जॉबर मशीनला शिव्या घालणार, वरचा साहेब जॉबरला, जॉबर आम्हाला. आणि दोष कुणाचा, तर चिमूटभर कचऱ्याचा. हे मी रोज बघतो. इंजेक्टर, कॉम्प्युटर, सेन्सर, गणित तेच. कापसाच्या जागी पेट्रोल.

मल्टिमीटर घेतला तीनशे रुपयाला.

पहिल्यांदा त्यानं दिवा बोलता केला. सुझुकीच्या त्या काळच्या गाड्यांत डायग्नोसिसचा एक छोटा कप्लर असतो. त्यातली ठरलेली पिन वायरच्या तुकड्यानं अर्थला जोडली की डॅशबोर्डावरचा इंजिनाचा दिवा लुकलुकतो. आकड्यांत बोलतो. एक लुकलुक, थांबला, मग दोन. पुन्हा एक, थांबला, दोन. म्हंजे बारा. आम्ही दोघं बघत बसलो. पुढं आकडाच न्हाई.

"बारा म्हंजे काय रं?"

"बारा म्हंजे सगळं ठीक. काय बिघाड न्हाई."

मी हसलो. आपल्याकडं बारा वाजले म्हणतात ते वेगळ्या अर्थानं. इथं गाडी काळा धूर ओकतेय आणि दिवा म्हणतोय, ठीक आहे, ठीक आहे.

पोरगा मात्र हसला न्हाई. तो म्हणला, "दादा, दिवा खोटं बोलत न्हाई. वायर तुटली, शॉर्ट झाली, आकडा हद्दीबाहेर गेला, तरच त्याला बिघाड दिसतो. हद्दीच्या आत राहून कुणी चुकीचं सांगत असंल तर ते त्याला कळत न्हाई." हे त्यानं पुस्तकातलं सांगितलं. भिंतीवरचं सर्टिफिकेट बोललं त्या दिवशी.

मग हद्दीच्या आत राहून चुकीचं सांगणारा शोधायचा. त्याला संशय पाण्याच्या सेन्सरचा. हा पितळेचा लहान बोल्टासारखा असतो, इंजिनच्या पाण्यात टोक बुडवून बसलेला. गार असताना त्याचा रोध जास्त, गरम हुईल तसा कमी. इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, मग काढला. गरम असताना काढला तर उकळतं पाणी अंगावर येतं, हे लक्षात ठेवा.

वस्तीच्या टोकाला चहाची टपरी आहे. मावशीकडनं जुनं पातेलं मागितलं. पातेल्यात पाणी, पाण्यात दोऱ्यानं टांगलेला सेन्सर, शेजारी थर्मामीटर, सेन्सरच्या दोन पिनांना मीटर. खाली स्टोव्ह. पोरं गोळा झाली. मावशी म्हणली, "काय शिजवताय रं?" वीस अंशाला असा सेन्सर साधारण अडीच हजार ओम दाखवतो आणि ऐंशी अंशाला तीनशेच्या आसपास येतो. आमचा ऐंशी अंशाला अकराशेवर अडकला. अकराशे म्हंजे चाळीस अंशाचा आकडा. पाणी ऐंशीचं आणि हा सांगतोय चाळीस. ना तुटलेला, ना जळलेला. अगदी हद्दीत.

आता सगळं उलगडलं. इंजिन गार असलं की कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो, थंडीत चूल पेटवताना आपण जास्त रॉकेल घालायचो तसं. आमचं इंजिन तापून लाल, पण त्याला खबर गारव्याची. म्हणून इंजेक्टर जास्त वेळ उघडे, म्हणून काळा धूर, म्हणून प्लग काजळलेले, म्हणून गरम असताना सेल्फ मारला की पेट्रोलात बुडून बसायचं.

आणि सायलेन्सरजवळचा ऑक्सिजन सेन्सर? तो ओरडत होता की पेट्रोल जास्त होतंय, कमी करा. पण इंजिनला ठरावीक ऊब आल्याशिवाय कॉम्प्युटर त्याचं ऐकतच न्हाई, तशी रीतच आहे. खरं सांगणारा तोच एकटा होता. अंगावर काजळी बसली होती त्याच्या, आणि मेस्त्रीनं पहिल्यांदा त्यालाच काढून टाकायचं सांगितलं होतं. काळा दिसला म्हणून. आम्ही तो पुसून तिथंच ठेवला.

इंजेक्टर तपासायचे राहिले होते. लांब स्क्रूड्रायव्हर इंजेक्टरला टेकवून मूठ कानाला लावली की टकटक ऐकू येते. तिन्ही टकटकत होते. मीटरवर तिघांचा रोध सारखाच, चौदा ओमच्या घरात. म्हंजे वीज ठीक. पण पेट्रोल कसं उडतं ते बाहेर काढल्याशिवाय कळत न्हाई.

काढायची रीत सांगतो, कारण इथं जीव जाऊ शकतो. आधी पंपाचा फ्यूज काढायचा आणि इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्यायचं, म्हंजे पाइपातला दाब जातो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढायची. आसपास बिडी, स्टोव्ह, काय न्हाई. मावशीला स्टोव्ह विझवायला लावला, तिचं अर्ध्या तासाचं गिऱ्हाईक बुडालं, ते पैसे मंडळानं दिले. चिंधी धरून रेल मोकळी करायची, इंजेक्टर सरळ ओढायचे, पिळायचे न्हाईत. रबराच्या ओ-रिंगा निघाल्या त्या पार कडक. एक तर नखानं तुटली.

रबर जुनं, अठरा वर्षांचं, ते खरंच. पण २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल आलं, आणि इतक्या इथेनॉलासाठी ह्या जुन्या गाड्या केलेल्याच न्हवत्या. रबर सगळ्या जातीचं ते सोसत न्हाई. शिवाय इथेनॉलात पेट्रोलापेक्षा लिटरमागं ताकद साधारण एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या चारचाक्यांचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल. नवी गाडी घेणाऱ्याला काय फरक? फरक जुनी वापरणाऱ्याला. आणि ह्यातलं बरंच इथेनॉल येतं आपल्याच भागातल्या उसातनं. पहाटे चारला कोयता घेऊन फडात उतरणारी आपलीच माणसं, आणि त्यांनी तोडलेल्या उसानं ओ-रिंग कडक झाली तर ती बदलणारीही आपलीच.

इंजेक्टर शहरात पंपवाल्याकडं नेले. त्याच्याकडं मशीन आहे, खाली काचेच्या तीन नळ्या. दोन इंजेक्टर धुकं सोडत होते, तिसरा धार. दवाखान्यातल्यासारख्या द्रावणात घालून थरथराट देऊन साफ केले. दोघांच्या नळ्या बरोबरीला आल्या, तिसरा तसाच. म्हंजे बदलायचा होता एक इंजेक्टर. तीन न्हाई. नव्या ओ-रिंगा सगळ्यांना, बसवताना इंजिन ऑइलचं बोट लावून, न्हाईतर रबर कातरतं. मग नवा पाण्याचा सेन्सर, नवे प्लग. चावी दोन-तीनदा नुसती फिरवून पंपाचा दाब येऊ दिला आणि बोटानं चाचपून बघितलं, कुठं ओलं न्हाई.

सगळं मिळून तीन हजार सातशे. साफसफाईचे धरून. बिलं मंडळाच्या वहीत चिकटवली आहेत, ज्याला बघायची त्यानं बघावीत.

आत्याला मंगळवारी मिरजेला नेलं. परतताना मुद्दाम वाटेत गाडी बंद केली, चहा घेतला. आत्या म्हणली, "आता बंद कशाला केलीस बाबा?" पोरानं चावी फिरवली. पहिल्या सेल्फला. आत्या चहाचा कप हातात धरून नुसती बघत राहिली.

पोरानं गॅरेज सोडलंय. रविवारी वस्तीच्या मैदानात दोन ओम्नी आणि एक जुनी झेन येते. झेन बंद पडते मधूनच, त्याला क्रँकच्या सेन्सरचा संशय आहे. पण आधी मीटर लावणार.

मीटर विहाराच्या कपाटात ठेवलंय, खालच्या फळीवर. ज्यांना पाहिजे त्यांनी वहीत नाव लिहून न्यावं. वापरून झाल्यावर बटण बंदवर फिरवा. आतला नऊ व्होल्टचा सेल दोनदा उतरलाय.