तिथीची पाऊणपट

आमच्या घरात सहलीचे बेत जेवणाच्या ताटावर ठरतात आणि हात धुण्याच्या आत मोडतात. यंदा मात्र एक बेत टिकला आहे. अलिबागला जायचे! धाकटीला वाळूचा किल्ला करायचा आहे, थोरल्याला सुरमई खायची आहे आणि आमच्या सौभाग्यवतींना दोन दिवस गॅसच्या शेगडीचे तोंड पाहायचे नाही. राहता राहिली आई. तिला खऱ्या किल्ल्यात जायचे आहे, आणि तेही आजचे नाही, गेल्या बारा वर्षांचे आहे.

बारा वर्षांपूर्वी आम्ही असेच निघालो होतो. तेव्हा वडील होते. रविवार आणि पौर्णिमा असा दुहेरी योग साधल्याचा मला कोण अभिमान! गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून बसने अलिबाग. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. समोर कुलाबा किल्ला दिसत होता. शिवाजी महाराजांनी 1680 साली बांधायला घेतलेला, संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत पुरा झालेला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने गाजवलेला. ओहोटीला तिथे चालत जाता येते, असे मी मुलाला लाँचवर सविस्तर शिकवले होते. परंतु त्या घटकेला किल्ला चहूबाजूंनी पाण्यात उभा होता आणि लाटा तटावर आपटत होत्या.

एका होडीवाल्याने बोलावलेही. पण त्या लाटांवर आईला होडीत बसवायचा धीर आम्हां कोणाला झाला नाही. तिच्या पिशवीत नारळ होता. किल्ल्यात राघोजी आंग्र्यांनी 1759 साली बांधलेले सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. त्या देवळात तो वाढवायचा होता. ती बराच वेळ किनाऱ्यावर उभी राहिली, मग पदर सावरून तिने नारळ समुद्रालाच वाहिला. "पुढच्या वेळी," वडील म्हणाले. आम्ही चारला परतीची बस धरायला उठलो आणि मागे वळून पाहिले, तो घोडागाड्या खुशाल पाण्यात उतरून किल्ल्याकडे निघालेल्या!

आपल्या भाषेत वेड्याला 'अलिबागहून आलास काय?' असे विचारण्याची खोड आहे. तिच्यावर बंदी घालावी म्हणून उच्च न्यायालयात अर्जही झाला होता. 2019 साली तो फेटाळला गेला. मराठीचा प्राध्यापक म्हणून त्या म्हणीची उपपत्ती मी वर्गात रंगवून सांगत असे. त्या दिवशी जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने आमची निघण्याची घाई पाहिली आणि हसून विचारले, "मुंबईहून आलात काय?" तेव्हापासून ती उपपत्ती मी वर्गात सांगत नाही.

पण त्याच म्हाताऱ्याने मला एक हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजता भरती. प्रतिपदेपासून मोजायचे आणि पौर्णिमेनंतर पुन्हा एकापासून. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे आम्ही नेमके ऐन भरतीला, समुद्राच्या दारात उभे होतो! पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज साधारण दोन घटका उशिरा येतो, त्याच्याबरोबर भरतीही सरकते. म्हणून हा पाऊण तासाचा हिशेब जमतो.

या खेपेला थोरल्याने मोबाइलवर भरती-ओहोटीचे तक्ते काढले. आईने पंचांग काढले. लहानपणी घोकलेली पाऊणकी तिला अजून तोंडपाठ आहे. अष्टमी तिने आधी बाद केली. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे ओहोटी बाराला, डोक्यावर ऊन. शिवाय अष्टमीच्या सुमारास पाणी फारसे हटतही नाही. मग बोट थांबले ते वद्य चतुर्थीवर. चाराची पाऊणपट तीन. पहाटे तीनला भरती, सकाळी नवाला ओहोटी. आणि वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी! "देवानंच वेळ काढून ठेवलीय," आई म्हणाली. मोबाइलच्या तक्त्यातही दहा-पंधरा मिनिटांचाच फरक निघाला. नातवाने मान्य केले की आजीचे यंत्र जुने असले तरी चालू आहे.

अडचण एकच. कार्तिक वद्य चतुर्थी दिवाळीच्या सुटीत बसत नाही. मला किरकोळ रजा टाकावी लागणार, सौभाग्यवतींना बँकेत साहेबांची मनधरणी करावी लागणार आणि मुलांची शाळा बुडणार. इतकी वर्षे आम्ही आपल्या सुटीप्रमाणे समुद्राकडे गेलो. समुद्राला आमची सुटी ठाऊक नाही. आणि आईचे गुडघेही आता आमच्या सवडीची वाट पाहायला तयार नाहीत.

म्हणून बेत असा : तृतीयेला सकाळीच निघायचे. 2020 पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारीसकट नेणारी मोठी बोट आहे. तासाभराच्या आत-बाहेर उतरून द्या. दुपारी थोरल्याची सुरमई उरकायची, कारण दुसऱ्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर ती चालायची नाही. रात्री तिथेच मुक्काम. चतुर्थीला आठाच्या आत किनाऱ्यावर. आईसाठी घोडागाडी, बाकीच्यांनी चालायचे. किल्ल्यातल्या गोड्या पाण्याच्या तलावाशी रेंगाळायचे नाही आणि पाणी वळायच्या आत परतायचे. हिशेब कितीही पक्का असला तरी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायचे नाही, हे मी वहीत लाल शाईने लिहिले आहे. संध्याकाळी धाकटीचा वाळूचा किल्ला, आणि रात्री चंद्र उगवला की उपास सोडायचा.

आईने नारळ कालच आणून ठेवला. "अगं, अजून महिना आहे, आत्तापासून कशाला?" मी म्हणालो.

"मी बारा वर्षं थांबलेय," ती म्हणाली, "तो महिनाभर नाही थांबायचा?"

आणि तिने तो देव्हाऱ्यात, वडिलांच्या तसबिरीशेजारी नेऊन ठेवला.