पंचाचा काळा चष्मा

गॉगल म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? सिनेमातला नट, नाहीतर वरातीत घोड्यावर बसलेला नवरदेव. मलाही परवापरवापर्यंत असेच वाटायचे की गॉगल म्हणजे नुसती ऐट. पण मागच्या महिन्यात, डिसेंबरात, आपल्या शाळेच्या मैदानावर एक गोष्ट घडली आणि माझे मत पार बदलले. ती गोष्ट माझ्या चुकीची आहे. चूक सांगायला लाज वाटते. पण ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ म्हणतात ना, म्हणून लिहीत आहे.

केंद्रस्तरीय स्पर्धा जवळ आल्या होत्या. त्यासाठी गुरुजींनी वर्गावर्गांत खो-खोचे सामने लावले. माझा पाय मुरगळला होता, म्हणून मला खेळता येईना. मी तोंड पाडून ओट्यावर बसले होते. गुरुजी म्हणाले, “खेळता येत नाही ना, मग पंच हो.” आणि त्यांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली. मला कोण आनंद झाला!

खो-खोला दोन पंच असतात. मैदानाच्या दोन लांब बाजूंना, लॉबीच्या बाहेर ते उभे राहतात. आपापल्या अर्ध्या भागातला निर्णय ज्याचा त्याने द्यायचा आणि गरज पडली तर दुसऱ्याला मदत करायची, असा नियम आहे. आपल्या मैदानाचा एक खांब पूर्वेला आणि एक पश्चिमेला आहे. मी उत्तरेच्या बाजूला उभी होते. दुपारभर काही त्रास झाला नाही.

शेवटचा सामना पाचवी विरुद्ध सहावी, मुलींचा. साडेचार वाजून गेले होते. सहावीला जिंकायला एकच गुण हवा होता आणि वेळ संपत आली होती. पाचवीची एक बारकीशी मुलगी पळतीला होती. ती वाऱ्यासारखी पळाली आणि पश्चिमेच्या खांबाला वळसा घालू लागली. पाठलाग करणाऱ्या मुलीने खांब धरून सूर मारला. नेमका त्याच खांबामागे सूर्य खाली आला होता. चुन्याची पांढरी फक्की चकाकत होती. माझे डोळे दिपले. मला दोन काळ्या सावल्या आणि एक हात, एवढेच दिसले. हात लागला की नाही, ते दिसलेच नाही. पण सगळे ओरडत होते, “बाद! बाद!” मी शिट्टी वाजवली.

ती मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “ताई, हात न्हाई लागला.”

मी ऐटीत म्हटले, “पंचांचा निर्णय अंतिम असतो.”

ती रडली नाही. लिंबाखाली जाऊन तिने आपल्या चपला उचलल्या आणि घरी निघून गेली. थोड्या वेळाने मी पाण्याच्या टाकीवर गेले. तिथे सहावीची ती सूर मारणारी मुलगी मैत्रिणीला हळूच सांगत होती, “माझा हात लागलाच नव्हता गं. ताईनं कसं काय दिलं कुणास ठाऊक.” ते ऐकून माझ्या पोटात धस्स झाले. त्या रात्री भाकरी गोड लागली नाही. आई म्हणाली, “काय गं, कुणाशी भांडलीस का?” मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मी गुरुजींना सगळे सांगितले. “गुरुजी, मला दिसलं नव्हतं. ऊन डोळ्यांत होतं. तरी मी शिट्टी वाजवली.” मला वाटले, आता छडीच बसणार. पण गुरुजी जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “डोळ्यांवर ऊन येणं हा काही तुझा गुन्हा नाही. पण दिसलं नाही, तर दिसलं असं सांगू नये. एवढं तू परिपाठाला सगळ्यांसमोर सांगशील?” मी सांगितले. पाय लटलट कापत होते, पण सांगितले. गुरुजींनी हा सामना जानेवारीत पुन्हा घ्यायचे ठरवले.

मग गुरुजींनी आम्हांला एक खरी गोष्ट सांगितली. २३ जानेवारी २०१९ रोजी न्यूझीलंडमधील नेपियर गावी भारत आणि न्यूझीलंड यांचा एक दिवसाचा क्रिकेट सामना होता. तिथल्या मैदानाची खेळपट्टी पूर्व-पश्चिम आहे. बहुतेक मैदानांवर ती उत्तर-दक्षिण असते. भारताची फलंदाजी चालू असताना मावळता सूर्य थेट खेळाडूंच्या आणि पंचांच्या डोळ्यांवर आला. तेव्हा पंचांनी अर्धा तास खेळ थांबवला. एवढे मोठे पंच, पण त्यांनी दिसत नसताना खेळ चालू ठेवला नाही. ते ऐकून मी मान खाली घातली.

मला वाटले, आपणही खांब फिरवून उत्तर-दक्षिण करावेत. माझे मामा खो-खोचे पंच आहेत. ते रविवारी घरी आले तेव्हा मी त्यांना विचारले. मामा हसले. “अगं, मैदान कसंबी फिरव. दोन पंच समोरासमोर उभे राहणार. एकाच्या पाठीला ऊन, तर दुसऱ्याच्या तोंडावर. कुणाला तरी ते झेलायला लागणारच.”

मी म्हटले, “मग मी गॉगल घेतलाय.” आणि आठवडा बाजारातून पन्नास रुपयांना घेतलेला काळाकुट्ट गॉगल आणून दाखवला. तो घालून मी मैदानावर जाऊन पाहिले होते. उन्हात बरे वाटले. पण लिंबाच्या सावलीत फक्कीची रेषा दिसेचना! मामांनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि मला एक गंमत करायला लावली. एक डोळा मिटायचा, गॉगल हाताच्या अंतरावर धरायचा आणि त्यातून दाराची चौकट बघत तो हळूहळू सरकवायचा. मी तसे केले. चौकट पाण्यातल्या काठीसारखी वाकडी-तिकडी हलू लागली! मामा म्हणाले, “ज्या काचेतून चौकट वाकडी दिसती, त्यातून हात लागला का न्हाई हे काय दिसणार?”

त्या दिवशी मामांनी मला पुष्कळ माहिती दिली. ती आपल्या सर्वांच्या उपयोगी पडेल. आलेल्या पालकांनीही वाचावी, कारण शेतात उन्हात तेही राबतात.

पहिली गोष्ट, काच काळी म्हणजे चांगली, असे नाही. सूर्याच्या उजेडात अतिनील किरण असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण डोळ्यांना अपाय करतात. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते. काळ्या काचेमागेही तसेच होते. काच नुसती काळी असेल आणि अतिनील किरण अडवत नसेल, तर ते मोठ्या झालेल्या बाहुलीतून जास्तच आत शिरतात. म्हणून गॉगलवर ‘यूव्ही ४००’ असे लिहिलेले पाहावे. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण ही काच अडवते, असा त्याचा अर्थ. नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नये. चष्म्याच्या चांगल्या दुकानात हे यंत्रावर तपासून मिळू शकते.

दुसरी गोष्ट, काळेपणाचे नंबर असतात, ० ते ४. २ नंबरची काच १०० भाग उजेडातला १८ ते ४३ भाग आत सोडते. ३ नंबरची ८ ते १८ भाग सोडते. आपल्याकडच्या कडक उन्हाला ३ नंबर ठीक. ऊन-सावली असेल किंवा ढग असतील तर २ नंबर बरा. ४ नंबर फार काळा, तो बर्फाच्या डोंगरांसाठी. तो घालून गाडी चालवायची नसते.

तिसरी गोष्ट रंगाची. राखाडी काचेतून सगळे रंग जसेच्या तसे दिसतात. तपकिरी काचेतून मातीवरची पांढरी रेषा जरा उठून दिसते. निळ्या-जांभळ्या काचा दिसायला झकास, पण पंचाला उपयोगाच्या नाहीत. ‘पोलराइज्ड’ म्हणून एक महाग काच मिळते. पाण्यावरची, डांबरी रस्त्यावरची चकाकी ती छान कमी करते. मातीच्या मैदानावर तिचा तेवढा फायदा नाही. शिवाय तिच्यातून मोबाईल तिरपा धरला की त्याचा पडदा काळा दिसू शकतो. वेळ पाहायला गेलो तर पंचाईतच!

चौथी गोष्ट, काच फुटणारी नसावी. खेळात चेंडू लागतो, कोपर लागतो. म्हणून पॉलिकार्बोनेटची काच घ्यावी. ती सहजासहजी फुटत नाही. गॉगल डोळ्यांभोवती थोडा वळलेला असावा, म्हणजे बाजूने ऊन शिरत नाही. पण काड्या फार रुंद नकोत. बाजूने कोण पळत आले हे पंचाला दिसायला हवे. वाकले की तो नाकावरून घसरू नये. मागे दोरी बांधलेली बरी. आणि डोक्यावर पुढे झाप असलेली टोपी असावी. निम्मे ऊन तर तीच अडवते आणि तिला खर्चही कमी.

आता निगा. याबाबतीत मीच दुसरी चूक केली. मामांनी त्यांचा जुना, पण चांगला गॉगल मला दिला. त्यावर मैदानाची धूळ बसली. मी तो फ्रॉकच्या टोकाने खसाखसा पुसला. काचेवर बारीक ओरखडे पडले! मातीत रेतीचे कण असतात, ते काचेला घासतात. म्हणून कोरडा कधी पुसू नये. आधी स्वच्छ पाण्याने धुवावा, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब लावावा, पुन्हा धुवावा आणि मऊ सुती फडक्याने टिपून घ्यावा. घामाचे मीठ बसते, म्हणून सामना झाला की रोज धुवावा. आजी म्हणाली, “राखेनं घास, तांब्या कसा लखलखतो.” मी आजीचे हात धरले!

गॉगल ठेवताना डबीत ठेवावा, काचा खाली करून ठेवू नये. तापलेल्या पत्र्यावर किंवा मोटारसायकलच्या सीटवर ठेवू नये. एका हाताने ओढून काढू नये, काड्या सैल होतात. डोक्यावर चढवून ठेवण्याची फॅशनही त्याच कारणाने नको. काड्यांचे बारीक स्क्रू अधूनमधून पाहावेत.

एक गोष्ट मामांनी दोनदा सांगितली. गॉगल घातला म्हणून सूर्याकडे बघायचे नाही. ग्रहण बघायला तर साधा गॉगल मुळीच चालत नाही. आणि ऊन उतरले की गॉगल काढायचा. कर्णधाराशी बोलतानाही काढायचा. मामा म्हणाले, “पोरांना आपले डोळे दिसू देत. मग इस्वास बसतो.”

जानेवारीत सामना पुन्हा झाला. मी टोपी आणि गॉगल घालून गेले, तर मुले ओरडली, “हिरॉईन आली, हिरॉईन आली!” मी हसले आणि शिट्टी वाजवली. या वेळी पश्चिमेचा खांब मला स्पष्ट दिसत होता. त्याच खांबावर सहावीच्या मुलीने पुन्हा सूर मारला. सगळे ओरडले, “बाद!” पण हात आणि पाठ यांच्यात चांगले चार बोटे अंतर होते. मी शिट्टी वाजवली नाही. पुढे एकदा मात्र दोघी मुली माझ्या मध्ये आल्या आणि मला दिसले नाही. मी लगेच समोरच्या पंचाकडे पाहिले. त्याने मान हलवली, मग मी बाद दिले.

सामना शेवटी सहावीनेच जिंकला, दोन गुणांनी. पाचवीची ती बारकी मुलगी चपला घालत होती. मी गॉगल काढला आणि तिच्याजवळ गेले. तिला काय बोलावे ते सुचेना. तीच म्हणाली, “ताई, आज हरलो, पण खरं हरलो.”

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तिथे आपल्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनीही नेपाळला हरवून तो जिंकला. ते सामने छपराखाली, मॅटवर होते. तिथे पंचांना उन्हाचा प्रश्न नव्हता. आपले मैदान मात्र उघड्या आभाळाखाली आहे. इथे ऊन असणार, धूळ असणार. म्हणून आपल्या शाळेच्या क्रीडा-पेटीत शिट्टी आणि फक्कीबरोबर पंचांसाठी दोन टोप्या आणि एक चांगला गॉगल असावा, अशी माझी गुरुजींना आणि पालकांना नम्र विनंती आहे. मुलांनो, तो कुणी ऐटीसाठी घालून फिरू नये. आणि पुसायचा असेल तर आधी पाण्याने धुवा!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी